फिग्मातलं ब्राउझरात उतरताना: डिझायनर आणि डेव्हलपर दोघांना झेपेल असा यूआय कोड कसा रचायचा

‘फिग्मात असं नव्हतं’ आणि ‘हे आधी सांगायचं ना’ ही दोन वाक्यं तुमच्या टीममध्ये दर स्प्रिंटच्या (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याच्या) शेवटी ऐकू येत असतील, तर पुढचं वाचा. नुकतेच फ्रंटएंडच्या कामाला लागलेले डेव्हलपर आणि पहिल्यांदाच डेव्हलपरांसोबत बसणारे डिझायनर, दोघांसाठीही लिहिते आहे. फिग्मा म्हणजे डिझायनर ज्यात स्क्रीन काढतात ते टूल, आणि यूआय म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारा अ‍ॅपचा भाग.

ही भांडणं सहसा आवडीनिवडीची नसतात. बटणाखालची जागा चार पिक्सेलनं वाढवायला पेमेंटची फाइल उघडावी लागते, म्हणून डेव्हलपर ‘पुढच्या स्प्रिंटला बघू’ म्हणतो. दोन-तीनदा असं झालं की डिझायनर मागणंच सोडून देते. यात कुणी आडमुठं नसतं. कोडच असा रचलेला असतो की छोटासा बदलही जोखमीचा वाटावा. म्हणून या लेखात सगळा भर एका गोष्टीवर आहे: मूल्यं, दिसणं आणि वागणं हे तीन ढीग वेगळे ठेवायचे, आणि पहिल्या दोन ढिगांत डिझायनरला स्वतः हात घालता यायला हवा.

उदाहरण म्हणून हाउसिंग सोसायटीचा मेंटेनन्स भरायचं वेब अ‍ॅप घेऊ. रिअ‍ॅक्ट आणि टाइपस्क्रिप्ट (स्क्रीन बांधायची लायब्ररी आणि प्रोग्रॅमिंगची भाषा), दोन डेव्हलपर, एक डिझायनर. स्क्रीनवर बिलाचं एक कार्ड: फ्लॅट नंबर, सभासदाचं नाव, रक्कम, शेवटची तारीख आणि ‘पैसे भरा’ हे बटण. तुमच्याकडे व्ह्यू किंवा फ्लटर असेल तर नावं बदलतील, रचना तीच राहील.

हाताशी काय हवं

– फिग्माची एकच मुख्य फाइल. ‘फायनल’, ‘फायनल-२’ आणि ‘फायनल-नक्की’ असतील तर आज दोन आर्काइव्ह करा.
– डिझायनरचं गिटहब खातं, रेपोमध्ये (प्रोजेक्टचा कोड ठेवलेल्या जागी) ब्रांच, म्हणजे कोडची वेगळी प्रत, काढायच्या परवानगीसह. नुसतं बघण्यापुरतं नको.
– स्टोरीबुक, म्हणजे स्क्रीनचे तुकडे सुटे उघडून बघायचं टूल. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०१६ पासून वापरात आहे.
– प्रत्येक पुल रिक्वेस्टला (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंतीला) आपोआप तयार होणारी प्रिव्ह्यू लिंक. व्हर्सेल, नेटलिफाय दोन्ही देतात.
– खरा मजकूर: सगळ्यात लांब नावाचा सभासद, सगळ्यात मोठी थकबाकी, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत.
– साधा, दोन-तीन वर्षं जुना अँड्रॉइड फोन. डिझायनरच्या मॅकबुकवर सगळंच छान दिसतं.

फिग्माचा डेव्ह मोड (डेव्हलपरला मापं आणि कोड दाखवणारा भाग) २०२३ मध्ये आला आणि २०२४ पासून तो पैसे भरूनच मिळतो. असला तर उत्तम. नसला तरी पुढचं काही अडत नाही.

१. आधी नावं जुळवा

कोड लिहायच्या आधी डिझायनरसोबत तासभर बसा. स्क्रीनची प्रिंट काढा किंवा फिग्मातच रेघा मारा, आणि कंपोनंट, म्हणजे स्क्रीनचा पुन्हा वापरता येणारा तुकडा, कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते दोघांनी मिळून ठरवा. बिलाचं अख्खं कार्ड हा एक कंपोनंट. त्यातली ‘बाकी’ ही छोटी पट्टी वेगळा कंपोनंट, कारण ती पावत्यांच्या यादीतही येणार आहे. रकमेची ओळ? मी तरी ती अजून वेगळी काढणार नाही. तिसऱ्या ठिकाणी लागली की काढू.

मग नावं. फिग्मात त्याला ‘टाइप’ म्हटलंय, कोडमध्ये ‘व्हेरियंट’, जिरा या कामं नोंदवायच्या टूलमधल्या तिकिटात ‘स्टाइल’, असं असेल तर प्रत्येक संभाषणात एक दुभाष्या लागतो. फिग्मातल्या कंपोनंट प्रॉपर्टीचं नाव आणि कोडमधल्या प्रॉपचं (कंपोनंटला बाहेरून दिलेल्या माहितीचं) नाव अक्षरशः एकच ठेवा, स्पेलिंगसकट. पर्यायही तेच. फिग्मात बटणाचे तीन व्हेरियंट असतील तर कोडमध्ये तीनच. चौथा लागला तर आधी तो फिग्मात आणायचा किंवा तो का लागला यावर बोलायचं.

इथला नेहमीचा खड्डा म्हणजे हो-नाही प्रॉप्सची माळ. ‘इझ-प्रायमरी’, ‘इझ-डेंजर’, ‘इझ-लार्ज’... असे पाच झाले की कागदावर ३२ जोड्या तयार होतात. त्यातल्या सहा-सात सोडून बाकीच्या कुणी काढलेल्याच नसतात. बटण प्रायमरीही आहे आणि डेंजरही, म्हणजे कसं दिसायचं? एकमेकांना वगळणारे पर्याय असतील तर एकच प्रॉप घ्या आणि त्याच्या किमती (व्हॅल्यू) ठरवून टाका. टाइपस्क्रिप्ट मग चुकीची किंमत लिहूच देणार नाही, आणि डिझायनरला फिग्माच्या उजव्या पट्टीत दिसते तीच यादी कोडमध्येही दिसेल.

२. मूल्यं एका जागी: टोकन

रंग, अंतरं, फॉन्टचे आकार, कोपऱ्यांची गोलाई, सावल्या ही सगळी मूल्यं एका फाइलीत. कंपोनंटमध्ये कच्चा हेक्स कोड (रंगाचा थेट लिहिलेला कोड) दिसता कामा नये. याला ‘डिझाइन टोकन’ म्हणतात. सेल्सफोर्सच्या टीमनं ही कल्पना रुळवली. पुढे डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एका कम्युनिटी ग्रुपनं तिच्यासाठी समान जेसन (डेटा लिहायची एक पद्धत) फॉरमॅट बनवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. नवीन प्रोजेक्ट असेल तर तोच फॉरमॅट घ्या. अ‍ॅमेझॉननं ओपन सोर्स केलेलं स्टाइल डिक्शनरी हे टूल त्या जेसनमधून वेबसाठी सीएसएस (पानाचं दिसणं ठरवणारी भाषा) व्हेरिएबल, अँड्रॉइड आणि आयओएससाठी त्यांच्या त्यांच्या फाइली काढून देतं.

टोकनचे दोन थर पुरतात. खालच्या थरात नुसती रंगांची पेटी: लाल-६००, निळा-५००, राखाडी-१००. वरच्या थरात काम: ‘मजकूर-मुख्य’, ‘पार्श्वभूमी-कार्ड’, ‘क्रिया-मुख्य’, ‘स्थिती-थकीत’. कंपोनंटनं फक्त वरच्या थराशी बोलायचं. तिसरा, कंपोनंटनिहाय थर मोठ्या कंपन्यांना लागतो. तीन माणसांच्या टीमनं त्याच्या नादी लागू नये.

हा खटाटोप कशासाठी, ते एका रंगावरून सांगते. समजा सोसायटीच्या अ‍ॅपमध्ये एकच लाल तीन ठिकाणी आहे: थकीत रक्कम, ‘खातं काढून टाका’ हे बटण, आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीचा बॅनर. कोडमध्ये तिन्हीकडे लाल-६०० लिहिलंय. आता डिझायनरला बॅनर थोडा केशरीकडे झुकवायचाय. सगळीकडे शोधून बदला केलं तर थकबाकीही सणासुदीची दिसायला लागेल. तीन कामांची तीन नावं असती तर एक ओळ बदलून काम झालं असतं.

केशरीवरून आठवलं. आपल्याकडे ब्रँडचा रंग भगवा असणं अगदी नेहमीचं. एफएफ-९९-३३ या भगव्यावर पांढरी अक्षरं टाकली तर कॉन्ट्रास्ट जेमतेम २.१ ला १ भरतो. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मानकाची ‘एए’ पातळी साध्या मजकुराला ४.५ ला १ आणि मोठ्या मजकुराला ३ ला १ मागते. त्याच भगव्यावर काळी अक्षरं टाकली तर आकडा साडेनऊच्या वर जातो. म्हणून टोकन एकटं ठेवू नका, जोडीनं ठेवा: ‘क्रिया-मुख्य’ आणि ‘क्रिया-मुख्य-वरचा-मजकूर’. जोडी एकदा तपासली की प्रत्येक बटणाला पुन्हा तो वाद नको.

आता सगळ्यात महत्त्वाचा निर्णय: टोकन कुठून कुठे वाहणार? फिग्मातल्या व्हेरिएबलकडून कोडकडे, की उलट? दोन्ही चालतं. पण दोन्ही बाजूंनी सिंक करायला जाऊ नका, कुणी काय पुसलं ते कळत नाही. माझं मत कोडच्या बाजूनं आहे. रेपोमध्ये इतिहास राहतो, कुणी कधी का बदललं ते दिसतं, आणि शेवटी लोकांच्या फोनवर जातं ते रेपोतलंच.

हे पाळलं जावं म्हणून स्टाइललिंट या सीएसएस तपासणाऱ्या टूलचा ‘कलर-नो-हेक्स’ नियम चालू करा. टेलविंड ही सीएसएसची लायब्ररी वापरत असाल तर थीममध्ये आपलीच टोकन भरा आणि चौकोनी कंसातली मनमानी मूल्यं रिव्ह्यूमध्ये अडवा. माणसानं माणसाला दहा वेळा टोकण्यापेक्षा मशीननं टोकलेलं बरं.

३. दिसणं एका फाइलीत, वागणं दुसऱ्या

याच पायरीवर बहुतेक टीम अडतात.

बिलाच्या कार्डाला चारच गोष्टी कळायला हव्यात: काय दाखवायचं, कोणत्या स्थितीत दाखवायचं, कोणत्या भाषेत, आणि बटण दाबल्यावर कुणाला हाक मारायची. सर्व्हरकडून बिल आणणं, लॉगिन तपासणं, पेमेंट गेटवे उघडणं, आजची तारीख बघून दंड लावणं, हे त्याचं काम नाही. ते एका हुकमध्ये (वागणं सांभाळणाऱ्या वेगळ्या फंक्शनमध्ये) किंवा बाहेरच्या कंपोनंटमध्ये जातं.

पैशांचं उदाहरण बघा. रेझरपेसारखे गेटवे रक्कम पैशांत घेतात, म्हणजे १,८५० रुपयांचं बिल तिथे १,८५,००० असं जातं. हा आकडा तसाच कार्डापर्यंत पोचला तर कार्डात कुठेतरी ‘भागिले १००’ येतं. मग पावतीतही येतं. मग कुणीतरी सर्व्हरवर भागाकार करून पाठवतं आणि सभासदाला साडेअठरा रुपयांचं बिल दिसतं. पैशांचे रुपये करणं, सर्व्हरच्या विचित्र नावांच्या जागी आपली नावं घालणं, हे सगळं डेटा आत येतो त्या उंबऱ्यावर एकदाच. कार्डाला तयार, स्वच्छ माल मिळायला हवा.

तारखेचंही तसंच. कार्डानं स्वतः घड्याळ बघून ‘मुदत संपली’ ठरवलं, तर डिझायनरला ती अवस्था बघायला फोनची तारीख पुढे ढकलावी लागेल. हुकनं ठरवून ‘स्थिती: थकीत’ एवढंच खाली पाठवलं, तर कुठलीही अवस्था कुठेही उभी करता येते.

कंपोनंट नीट वेगळा झालाय का, याची परीक्षा सोपी आहे: वायफाय बंद करून तो स्टोरीबुकमध्ये उघडा. उघडला आणि सगळ्या रूपांत दिसला, तर पास. कोरा राहिला किंवा लॉगिन मागायला लागला, तर वागणं अजून आत अडकलंय.

एक सावधगिरी. ‘दिसणारे’ आणि ‘सांभाळणारे’ कंपोनंट वेगळे ठेवा, हे रिअ‍ॅक्टच्या जगातले नावाजलेले डेव्हलपर डॅन अब्रामॉव्ह यांनी २०१५ मध्ये लिहिलं आणि ते सगळीकडे पसरलं. २०१९ मध्ये, हुक आल्यानंतर, त्यांनीच वर टीप जोडली की आता अशी विभागणी सुचवत नाही. त्यांचा रोख होता गरज नसताना प्रत्येक कंपोनंटची दोन शकलं करणाऱ्यांवर, आणि तो रास्त आहे. टॅब, टूलटिप, उघडझाप करणारा विभाग यांची छोटी अंतर्गत स्थिती त्यांच्याच पोटात राहू द्या. नेटवर्क, पैसा, लॉगिन, घड्याळ एवढंच बाहेर काढा.

फोल्डरबद्दल फार बोलत नाही, कारण त्यावर लोक गरजेपेक्षा जास्त भांडतात. एका कंपोनंटचं सगळं एका फोल्डरात: कंपोनंट, त्याची सीएसएस, त्याची स्टोरी (स्टोरीबुकमध्ये दिसणारा नमुना), त्याची टेस्ट. हुक वेगळ्या फाइलीत, शेजारीच. डिझायनरनं ‘बिल-कार्ड’ फोल्डर उघडला की कोणत्या फाइलीत हात घालायचा आणि कोणत्या नाही, हे नावावरून कळलं पाहिजे.

४. सगळ्या अवस्थांची यादी करा

फिग्मात कार्ड एकच असतं: नाव नेटकं, रक्कम गोल, इंटरनेट सुसाट. प्रत्यक्षात आमच्या उदाहरणातल्या कार्डाला इतकी रूपं लागतात:

– लोड होतंय
– या महिन्याचं बिल अजून निघालेलंच नाही
– बाकी आहे, मुदत शिल्लक आहे
– मुदत संपली, दंड लागला
– थोडी रक्कम भरली, उरलेली बाकी
– खात्यातून पैसे गेले, पण अ‍ॅपला बँकेकडून खात्री आलेली नाही
– भरून झालं, पावती तयार
– नेटवर्क गेलं, काहीच आणता आलं नाही

सहावी अवस्था पुन्हा वाचा. यूपीआयनं पैसे भरणाऱ्या कुणालाही ती माहीत आहे: बँकेचा मेसेज आला, अ‍ॅप मात्र गप्प. या क्षणी स्क्रीनवर ‘पैसे भरा’ बटण तसंच उभं असेल तर माणूस घाबरून दुसऱ्यांदा दाबतो. डिझायनरनं ही अवस्था काढली नाही म्हणून तिला बोल लावू नका, कारण ती असते हे तिला ठाऊकच नव्हतं. ते ठाऊक असतं एपीआय (सर्व्हरशी बोलायचे नियम) वाचणाऱ्याला. म्हणून कामाची वाटणी अशी: अवस्थांची यादी डेव्हलपरनं आणायची, त्यांची रूपं डिझायनरनं काढायची. यादी टेबलवर आल्याशिवाय स्क्रीन ‘डिझाइन झाली’ असं म्हणायचं नाही.

कोडमध्ये ही यादी एका ‘स्थिती’ प्रॉपच्या किमती म्हणून लिहा. ‘लोडिंग आहे’, ‘एरर आहे’, ‘भरलं आहे’ असे वेगळे हो-नाही झेंडे ठेवलेत तर कधीतरी स्क्रीनवर फिरतं चक्र आणि एररचा लाल चौकोन दोन्ही एकदम दिसतील.

५. कंपोनंटनं चौकटीबाहेरची जागा अडवू नये

ही पायरी छोटी आहे, पण ‘चार पिक्सेलचे वाद’ निम्मे तरी इथे मिटतात.

कार्डाच्या आतलं अंतर, म्हणजे पॅडिंग, कार्डाचं. दोन कार्डांमधलं अंतर ज्यानं ती रचली त्याचं. कार्डाच्या सीएसएसमध्ये ‘मार्जिन-बॉटम १६’ लिहिलंत की यादीतल्या शेवटच्या कार्डाखाली उगीच पट्टा राहतो, आणि मग तो घालवायला अपवाद लिहावा लागतो. फिग्माचं ऑटो लेआउट नेमकं असंच चालतं: बाहेरच्या फ्रेमला गॅप, आतल्या घटकाला पॅडिंग. सीएसएसमध्ये फ्लेक्स किंवा ग्रिड आणि ‘गॅप’ वापरलं की दोन्हीकडचे आकडे एकास एक जुळतात.

डिझायनरांना एक विनंती: ऑटो लेआउट नसलेली फ्रेम डेव्हलपरला जवळजवळ काहीच सांगत नाही. ‘हग’ आणि ‘फिल’ यांतलं काय निवडलंत, यावरच नाव लांब झालं तर कार्ड वाढणार की मजकूर दुमडणार हे कळतं. ‘फिक्स्ड’ रुंदी दिलीत तर डेव्हलपर तेच समजून बसेल.

६. स्टोरीबुक: कोडकडे जाणारं डिझायनरचं दार

चौथ्या पायरीतल्या प्रत्येक अवस्थेची एक स्टोरी लिहा. आठ अवस्था, आठ स्टोऱ्या. शिवाय दोन मुद्दाम छळणाऱ्या: अतिलांब नाव, अतिमोठी रक्कम. स्टोरीबुकची स्टॅटिक साइट बिल्ड होते. ती टीमला सहज उघडता येईल अशा पत्त्यावर टाका आणि मेन ब्रांचला मर्ज झालं (बदल मुख्य कोडमध्ये मिसळला) की आपोआप ताजी होऊ द्या. डिझायनरला ‘आधी नोड टाका, मग इन्स्टॉल करा’ असं सांगावं लागलं तर ती ते दार कधीच वापरणार नाही.

खालच्या ‘कंट्रोल्स’ पट्टीत तिला स्वतः स्थिती बदलून बघता येते. नावं पहिल्या पायरीत जुळवलीत, त्याचा फायदा इथे दिसतो: पट्टीत तीच नावं, तेच पर्याय. अ‍ॅक्सेसिबिलिटीचा अ‍ॅडऑनही लावा. कॉन्ट्रास्ट, लेबल नसलेली बटणं वगैरे तो लगेच दाखवतो. बोटाला पुरेल एवढं क्षेत्र आहे का तेही बघा. डब्ल्यूसीएजी २.२ किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल मागते, मटेरियल डिझाइन ४८ डीपी (अँड्रॉइडचं माप) सुचवतं. सोसायटीतले ज्येष्ठ सभासद डोळ्यांसमोर आणा आणि ४८ कडे झुका.

स्क्रीनशॉट ताडून बघणारी टेस्ट, प्लेराइटची किंवा क्रोमॅटिकची, जमेल तेव्हा जोडा. पहिल्या महिन्यात नसली तरी चालेल.

७. देवनागरी गृहीत धरून रचा, नंतर चिकटवू नका

मराठी अ‍ॅप करणाऱ्या टीममध्येही डिझाइन इंग्रजीत होतं आणि मराठी ‘शेवटी भरू’ म्हणून राहते. मग शेवटच्या आठवड्यात पुढचं सगळं एकदम बाहेर पडतं.

लाइन-हाइट. इंग्रजीला १.२ चालतं. ‘पूर्वीची थकबाकी’ हे शब्द त्याच मापात बसवून बघा: वर रफार आणि वेलांटी, खाली उकार. ठरावीक उंचीचं बटण आणि ‘ओव्हरफ्लो हिडन’ असेल तर वेलांटीचा माथा छाटला जातो. मराठीसाठी लाइन-हाइटचं वेगळं टोकन ठेवा, १.५ पासून सुरुवात करा. बटणाला उंची देऊ नका, किमान उंची आणि पॅडिंग द्या.

लेटर-स्पेसिंग. बटणावरची अक्षरं थोडी विरळ करायची डिझायनरांची सवय असते. देवनागरीत त्यानं शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मराठीत हे टोकन शून्य.

मोठी लिपी. विभागाचं शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये लिहून वेगळं दाखवलं असेल, तर मराठीत तो फरक नाहीसाच होतो, कारण आपल्याकडे कॅपिटल नाहीत. उठाव वजनानं किंवा आकारानं आणा. इटॅलिकवरही विसंबू नका. बहुतेक देवनागरी फॉन्टना खरं इटॅलिक नसतं, ब्राउझर अक्षरं नुसती तिरकी ढकलतो.

फॉन्ट. नोटो सान्स देवनागरी, मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स हे सगळे मोफत आहेत आणि भरपूर वजनांत मिळतात. पानाच्या ‘लँग’ अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मराठीचा कोड नक्की लिहा. स्क्रीन रीडर त्यावरून उच्चार निवडतो, आणि नोटोसारखे फॉन्ट त्यावरून ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं दाखवतात.

नावाचं पहिलं अक्षर. सभासदाच्या गोल चित्रात आद्याक्षर दाखवायचंय. जावास्क्रिप्टला ‘स्त्री’ या एका अक्षराची लांबी विचारली तर उत्तर ६ येतं. श्रीकांतच्या नावाचे पहिले दोन तुकडे कापले तर गोलात लंगडा ‘श्’ उरतो. त्यासाठी ब्राउझरचं ‘इंटल सेगमेंटर’ वापरा आणि त्या जुन्या फोनवर तपासा. मजकूर अमुक अक्षरांवर तोडायचा असेल तिथेही हेच.

आकडे. ‘इंटल नंबर-फॉरमॅट’ला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाचा कोड) दिलं की तो १,२५,००० असे देवनागरी आकडे लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह देतो. इंग्रजी आकडे हवे असतील तर नंबरिंग सिस्टिम वेगळी सांगता येते. काय दाखवायचं ते आधी ठरवा आणि एकाच फंक्शनमध्ये ठेवा. अर्ध्या स्क्रीनवर एक आणि अर्ध्यावर दुसरं, हे फार ठिकाणी दिसतं.

मजकूर कंपोनंटमध्ये गाडू नका. ‘पेड’ असं एकदा लिहिलेली पट्टी इंग्रजीत सगळीकडे चालते. मराठीत बिल भरलं, फी भरली, हप्ता भरला. पट्टीनं फक्त रंग आणि आकार सांभाळायचा, शब्द बाहेरून यायला हवा.

८. डिझायनरची पहिली पुल रिक्वेस्ट

टोकनची फाइल गिटहबवर उघडा, पेन्सिलच्या चिन्हावर क्लिक करा, आकडा बदला, नव्या ब्रांचवर सेव्ह करा, पुल रिक्वेस्ट उघडा. टर्मिनल लागत नाही. पहिल्या खेपेला डेव्हलपरनं शेजारी बसावं, पण माउस डिझायनरच्या हातात असू द्यावा. दहा मिनिटांत प्रिव्ह्यू लिंक येते आणि तिनं बदललेला रंग तिच्याच फोनवर दिसतो.

उलट बाजूनं, ‘कोडओनर्स’ फाइलमध्ये टोकन आणि सीएसएसच्या फाइलींसमोर डिझायनरचं नाव घाला. त्या फाइली बदलणाऱ्या प्रत्येक पुल रिक्वेस्टवर तिला आपोआप रिव्ह्यूसाठी बोलावलं जाईल. आणि रिव्ह्यू स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी नको. कार्ड अर्धवट असतानाच, पहिल्या दोन स्टोऱ्या झाल्या की लिंक पाठवा.

शेरा कसा लिहायचा, तेही शिकावं लागतं. ‘हे नीट दिसत नाहीये’ यावर डेव्हलपर काय करणार? याउलट हा शेरा बघा: ‘थकीत स्थिती, ३६० रुंदी: रक्कम आणि तारीख एका ओळीत मावत नाहीत, तारीख खाली घेऊ या. मर्ज अडवत नाही.’ कुठे, कोणत्या स्थितीत, काय हवं, आणि किती घाई आहे, चारही गोष्टी आल्या. शेवटचं वाक्य तर प्रत्येक शेऱ्यात हवंच. अडवणारं काय आणि नंतर चालणारं काय हे लिहिलं नाही तर सगळंच अडवणारं धरलं जातं, किंवा काहीच नाही.

डेव्हलपरनंही ‘होणार नाही’वर थांबू नये. ‘असं करायला तीन दिवस, तसं केलं तर अर्धा दिवस’ असं सांगितलं तर डिझायनरला निवड करता येते.

९. चालू प्रोजेक्ट असेल तर कुठून सुरू कराल

सगळं पाडून नव्यानं बांधायची परवानगी मॅनेजर देणार नाहीत, आणि मागूही नका. पहिल्या आठवड्यात फक्त रंगांची टोकन करा. रेपोमधले हेक्स कोड शोधून यादी काढलीत तर एकमेकांपासून नजरेला वेगळे न कळणारे राखाडी रंग ढिगानं सापडतील. ती यादी डिझायनरला दाखवा, ठेवायचे कोणते ते तिला ठरवू द्या. मग बटण, कारण ते प्रत्येक स्क्रीनवर असतं. त्यानंतर ज्या स्क्रीनवर पुढच्या स्प्रिंटमध्ये तसंही काम येणार आहे, तेवढीच स्क्रीन या रचनेत आणा.

नवं बटण आणि जुनं बटण काही दिवस शेजारी नांदतील. जुन्यावर ‘डेप्रिकेटेड’ची खूण टाका, म्हणजे एडिटरमध्ये नावावर काट दिसेल. त्याचा शेवटचा वापर ज्या पुल रिक्वेस्टमध्ये निघेल, त्याच पुल रिक्वेस्टमध्ये जुनी फाइल पुसा आणि फिग्मातला जुना कंपोनंटही लायब्ररीतून काढा. कोडमधून गेला आणि फिग्मात राहिला, तर पुढच्या महिन्यात नवा डिझायनर तोच उचलून स्क्रीन काढेल.